छातीशी धरलेली फाइल

शिष्यवृत्ती मिळाली नाही तर डी.एड. अर्धवट सोडावं लागणार होतं, आणि ती देणाऱ्या ट्रस्टची अट होती, पदरी तान्हं मूल नसावं. ट्रस्टच्या नेरूळच्या ऑफिसात शिरताना माझी सहा महिन्यांची जाई मी शेजारच्या मालतीबाईंकडे दिली आणि त्यांना खालीच थांबवलं. “लेकुरवाळ्या मुली पाठाला दांड्या मारतात,” ट्रस्टचे सर म्हणाले. “तुमचं काय?” “मूल नाही, सर.” तेवढ्यात दाराबाहेर जाई रडायला लागली, मालतीबाई उन्हामुळे वर आल्या होत्या. मला पान्हा फुटला. ब्लाउज भिजला तशी मी फाइल छातीशी धरली. “कोणाचं पोर हो ते?” “माहीत नाही, सर.” अर्जावर सही करून ते मला दारापर्यंत सोडायला आले. “ही बग, आली तुजी...” मालतीबाई म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघून गप्प झाल्या. जाईने हात पुढे केले. फाइल तशीच धरून मी जिना उतरले.