कुंपणावरची गादी

"बस तू. आज कशालाही हात लावायचा नाही," असं म्हणत पेनाने दाफिनाच्या हातातला फडका काढून घेतला आणि तिला खुर्चीत बसवलं. मागोमाग रूसा आली, ती तडक सिंकपाशी जाऊन खरकटी भांडी घासायला लागली.

दाफिनाला काही कळेचना. सहा वर्षं सासू अंथरुणाला खिळलेली. नवरा लांब स्पेनमध्ये ट्रक चालवतो. आणि या दोघी शेजारणी कुंपणापलीकडूनच "काय म्हणते म्हातारी?" एवढं विचारून चालू पडायच्या. आज सूर्य पश्चिमेला उगवला की काय!

मग तिचं लक्ष टेबलाकडे गेलं. पेनाने शेवंती आणली होती. चार फुलं. जिवंत माणसाच्या घरी सम फुलं कुणी नेत नाही. शेजारी उकडलेल्या गव्हाची वाटी, वर साखर पेरलेली, मेलेल्याच्या नावाने वाटतात तशी.

आत्ता तिच्या डोक्यात प्रकाश पडला. सकाळी गाडी आली होती आणि सासूला, स्तोयना म्हातारीला, स्ट्रेचरवरून घेऊन गेली होती. अशा पडून असलेल्यांना आठवडाभर सांभाळणारं एक घर तालुक्याच्या गावी नुकतंच निघालं होतं, घरच्यांना जरा श्वास घेता यावा म्हणून. गाडी वळली तशी दाफिनाने खिडक्या सताड उघडल्या, चादरी उकळायला टाकल्या आणि मुताने भिजून भिजून कुबट झालेली गादी कुंपणावर उन्हात घातली. म्हाताऱ्या माणसाची गादी कुंपणावर कधी येते, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तिलाच भान राहिलं नव्हतं.

"अगं पेना, ऐक तरी..."

"काही बोलू नकोस. केलंस हो तू तिचं! पोटच्या पोरीने केलं नसतं. जेवलीस का?"

सहा वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. तीच विचारायची म्हातारीला, घास भरवून झाल्यावर. दाफिनाला रडू फुटलं. पेनाने तिचे डोळे पुसले, घरून आणलेलं घेवड्याच्या सूपचं पातेलं पुढ्यात ठेवलं, पाव मोडून दिला. गरम सूप, दुसऱ्याच्या हातचं, आणि तेही बसून. एवढं खाऊ आणि मग सांगू, असं तिने ठरवलं. लाज वाटत होती, पण भूक लाजेहून मोठी होती.

"पुरायचं कधी?" रूसाने भांडी घासता घासता विचारलं. "खड्ड्याचं माझ्या नवऱ्याला सांगते."

दाफिनाने चमचा खाली ठेवला.

"ती जिवंत आहे, रूसा. आठवड्यापुरती ठेवलीय तिला. मला जरा विश्रांती मिळावी म्हणून."

रूसाने नळ बंद केला. उरलेली भांडी तशीच टाकून तिने हात पुसले. "विश्रांती! म्हातारीला लोकांच्या दारात टाकलीस आणि इथे बसून सूप ओरपतेस?" तरातरा ती निघूनही गेली.

पेनाने फुलं उचलली, गहू उचलले, दाफिनाच्या पुढ्यातल्या अर्ध्या सूपवर झाकण घातलं आणि पातेलं काखोटीला मारलं. दारात मात्र तिला राहवलं नाही. ती मागे वळली, आवाज मऊ करून म्हणाली,

"आम्हाला परकं समजू नकोस हं. ती खरंच गेली की हाक मार. लगेच येतो मदतीला."