वीजबिलांतली अंगाई

फोल्डर दिसत होता, पण उघडत नव्हता. लामने पुन्हा त्यावर बोट आपटलं आणि नव्या कॉम्प्युटरने पुन्हा तेच विचारलं: नाव काय, पासवर्ड काय?

“माझंच घर, माझाच फोल्डर, आणि मलाच विचारतो तू कोण,” लाम पुटपुटला.

शेजारचा तोआन कुंपणावर बसून हसत होता. तो पूर्वी ह्युए शहरात कॉम्प्युटर दुरुस्त करायचा.

“तुमच्या लेकीनं माल तर झकास पाठवलाय, काका.”

माल झकास होता यात वाद नव्हता. हानने तो आज सकाळीच जेवणाबरोबर पाठवला होता. चंदेरी, देखणा, पिसासारखा हलका. पण लामचा हात आयुष्यभर काळ्या कॉम्प्युटरवर बसलेला. त्याची सिस्टीम निराळी, याची निराळी. या वस्तीत सगळ्यांच्याच घरच्यांची हीच तऱ्हा. प्रेमाने मोटार पाठवतील आणि किल्ली विसरतील. तोआनच्या बायकोने त्याला मोटारसायकल पाठवली होती, या वेळी हेल्मेटसकट.

काळा कॉम्प्युटर नदीपलीकडे, हानच्या घरी राहिला होता, आणि न उघडणारा फोल्डर त्यातलाच होता. नदीवर कायम धुकं असायचं. पलीकडचा काठ कधी दिसे, कधी विरघळून जाई. आवाज मात्र स्वच्छ येत. वारा नेहमी तिकडून इकडे वाहायचा, त्यामुळे इकडून हाका मारण्यात अर्थ नव्हता. लामने सुरुवातीला मारून पाहिल्या होत्या.

आत्ता त्या वाऱ्यावरून नातीचं रडणं येत होतं. लाडाने तिला मीत म्हणत, म्हणजे फणस. लामने तिला अजून पाहिलं नव्हतं, पण आवाजावरून नाव शोभत होतं.

“आई, तू मला होडीतली अंगाई म्हणायचीस ना गं?” हान विचारत होती. “मला दोनच ओळी आठवतात. पुढं काय होतं?”

तुएतचं उत्तर आलं नाही. घशाच्या ऑपरेशनमध्ये लामच्या बायकोचा आवाज गेला होता. उरली होती ती कुजबुज, आणि ती काही नदी ओलांडत नसे.

पण अंगाई होती. पुष्कळ वर्षांपूर्वी स्वयंपाकघराच्या दाराआड उभं राहून लामने ती चोरून रेकॉर्ड केली होती. तुएतला कळलं असतं तर तिने त्याला झाऱ्याने बडवलं असतं, म्हणून त्याने ती फाइल अशा जागी दडवली जिथे कुणी फिरकत नाही. वीजबिलांच्या फोल्डरमध्ये.

“भांडी झाली की हा जुना डबा पुसून टाकतो,” जावई क्वानचा आवाज आला. “माझी सिस्टीम घालतो त्यात. नुसती बिलं भरलीत आत.”

ती फाइल गेली तर तुएतचा आवाज जगात कुठेच उरणार नव्हता.

“तोआन, खाली उतर. मस्करी पुरे झाली.”

तोआन उतरला. “दोन्ही यंत्रं वेगळ्या घराण्यांची आहेत काका. हा आपलं नाव सांगत बसलाय, तो ओळखच दाखवत नाही. तिकडच्या यंत्रावर तुमचं जे नाव आहे ना, ते घाला. पासवर्ड?”

लामने इकडेतिकडे पाहिलं.

“सांगा की. मी काय तिकडं जाऊन बोंब मारणार आहे?”

“तुएत रागावली,” लाम खालच्या आवाजात म्हणाला. “मधे जागा न सोडता.”

तोआनने हसू कसंबसं गिळलं. फोल्डर उघडला. बिलांच्या रांगेत ती एकटीच फाइल बसली होती. लामने ती बाहेर ओढायला घेतली, पण ती जागची हलेना.

“बघू देतोय, हात लावू देत नाहीये,” तोआन म्हणाला. “आपलं इथं असंच असतं. एखादा फोल्डर सगळ्यांसाठी मोकळा ठेवला होता का कधी?”

“हानच्या फोटोंचा. ती शिकायला सायगॉनला होती तेव्हा.”

“मग इकडं उतरवा आणि तिथं चढवा.”

फाइल इकडे उतरली. मग तिकडे चढू लागली, आणि गोगलगाय बरी म्हणायची वेळ आली. पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. खुर्ची सरकली. मीतने आणखी वरचा सूर लावला.

“एवढं काय काका,” तोआन हळूच म्हणाला. “काकू येतील तेव्हा इथंच बसून गातील.”

“येईल तेव्हा येईल. मी तिला घाई करणार नाही,” लाम म्हणाला. त्याची नजर पडद्यावरून हलली नाही.

पट्टी भरली.

“हान, तुझ्या फोटोंत हे काय आलंय?” क्वान विचारत होता. “मघाशी तर नव्हतं.”

आणि नदीवरून तुएत गाऊ लागली. आवाज तरणा होता, मधेच कढईत काहीतरी चुरचुरलं, पण सूर ढळला नाही. मीतचं रडणं हुंदक्यांवर आलं, मग एका उचकीवर, मग तेही थांबलं. धुकं काठावर नुसतं तरंगत राहिलं. लामने डोळे मिटून घेतले. इतका आनंद त्याला इथे आल्यापासून झाला नव्हता.

गाणं संपलं.

“पण ठेवलं कुणी?” क्वान दबक्या आवाजात म्हणाला. “याला तर कुणी हातही लावला नव्हता.”

हान रडत होती की हसत होती, ते कळत नव्हतं. “आई कानात सांगतेय, पुढच्या श्राद्धाला बाबांसाठी आज जाळला तसा चंदेरी नको, काळ्या कागदाचा कॉम्प्युटर आणून जाळ. हा चालवताना त्यांचे फार हाल झाले असतील.”