हातांवरचा उजेड

ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅट गावी घेतलेल्या नव्या घरात स्पॉटलाइट कुठे बसवायचे, ते बेरिलने ठरवलं. ती आणि तिचा नवरा लायल दोघंही जन्मापासून बहिरी. सगळं बोलणं हातांनी. त्यामुळे दिवा डोक्यावर नको, समोरून तिरका हवा, बोलणाऱ्याचे हात स्वच्छ दिसले पाहिजेत. समोरासमोर दोन खुर्च्या, दोन दिवे. बटण मात्र एकच, बेरिलच्या खुर्चीशी.

"म्हणजे भांडण कधी संपलं, ते तू ठरवणार," लायलचे हात म्हणाले.

"आणि तू इतकी वर्षं मी बोलायला लागले की डोळे मिटून घेतोस, ते?"

पहिल्याच संध्याकाळी विषय करिनचा निघाला. लायलच्या मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून त्याने या लेकीला घरात पाऊल ठेवू दिलं नव्हतं. बेरिल बोलू लागली, त्याने डोळे मिटले. उघडले तेव्हा सगळा अंधार. तिने बटण बंद केलं होतं.

त्या अंधारात त्याचे हात आपसूक उठले. "बोलाव तिला. चुकलं माझं."

जरा वेळाने बेरिलला राहवलं नाही. तिने दिवे लावले.

"काही म्हणालास?"

उजेड बरोबर त्याच्या हातांवर पडला होता. ते मांडीवरून उठेनात.