परत न जाणारा माल

शेअर बाजार बंद व्हायला सात मिनिटं उरली होती आणि औषधवाला गिऱ्हाइकाचे सुटे पैसे द्यायचे विसरून मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसला होता. गिऱ्हाइकाने दोनदा खाकरून पाहिलं, मग पुटपुटत सुट्यांऐवजी बरणीतल्या खोकल्याच्या गोळ्या उचलल्या आणि चालू लागलं.

मोबाइलवर एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीच्या शेअरचे ऑप्शन होते. आज बाजार मिटायच्या आत शेअर चढला तर तिप्पट, नाहीतर शून्य, असा रोखठोक मामला. कालच कंपनीचे निकाल झकास लागले होते, तरी शेअर सकाळपासून घसरत होता. का, ते देव जाणे. चार व्हिडिओ बघून बाजार कोळून प्यायलेल्या या शहाण्याने बायकोच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेले पैसे त्यात ओतले होते. ऑपरेशन सोमवारी होतं.

बायको मागे स्टुलावर बसून, एक पाय लांब करून, फळीवरची गोळ्यांची पाकिटं निवडत होती. तारीख उलटलेली ती एका खोक्यात टाकत होती.

ऑप्शनचा भाव पाच पैशांवर आला. मग तेही गेले.

"एक्सपायर झालं," तो स्वतःशीच बोलला.

"मग द्या की इकडे," मान वर न करता ती म्हणाली. "खोक्यात टाकते. कंपनी परत घेते ना."

"हे कुणी परत घेत नाही गं," तो म्हणाला आणि एका दमात सगळं सांगून मोकळा झाला. सांगताना तो तिच्या तोंडाकडे बघत नव्हता.

"सगळे?"

"सगळे."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने आणखी दोन पाकिटं निवडली. एक चांगलं पाकीट चुकून खोक्यात पडलं, ते काढून पुसून फळीवर ठेवलं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. हॉस्पिटलचा होता.

"हो, मीच बोलतेय. सोमवारचं राहू द्या. नाही, दुसरी तारीख नको." ती थांबली. "अहो, आता दुखतच नाही ना."

तिने फोन ठेवला. मग तिने त्याच्यापुढे हात केला.

"धरा. उठायचंय मला."