हौदातलं हिरवं

ताडपत्रीची कड काठावरून सुटली तेव्हा काल्तुमा गुडघाभर हिरव्या पाण्यात उभी होती. तिने दोन्ही हातांनी कड वर ओढून धरली, पण वाऱ्याने हिसका दिला आणि हौदातलं पाणी तिच्या पोटऱ्यांना घासत वाळूत वाहू लागलं.

काठावर तिची सासू यागना वाळूची गोणी ओढू पाहत होती. गोणी जागची हलत नव्हती. गावातल्या बाकीच्या बायका दिहेच्या, म्हणजे तळ्यातल्या खायच्या हिरव्या शेवाळाच्या, वाळलेल्या वड्या घेऊन बाजाराला गेल्या होत्या.

यंदा तळं आटून त्याचा तळ भेगाळला होता. त्यातलं शेवटचं हिरवं बायकांनी बादल्या भरभरून आणलं, खड्ड्यात ताडपत्री अंथरून त्यात सोडलं, खारमाती घालून आणि खजुरीच्या फांदीने ढवळून जगवलं. हे वाहून गेलं असतं तर पुन्हा विरजणालाही कुठे मिळालं नसतं.

काटेरी कुंपणापाशी काल्तुमाचा नवरा बुकार उभा होता. पुरुषांनी तिथेच थांबायचं असतं.

"सांग, येऊ का?" तो वाऱ्यात ओरडला.

"तिथेच राहा," यागना म्हणाली. "पुरुष उतरला की पाणी वांझ होतं."

काल्तुमाच्या बोटांतून ताडपत्री आणखी वीतभर निसटली.

"आई, पाणीच उरलं नाही तर वांझ व्हायला राहील काय?"

यागनाने सुनेकडे पाहिलं, मग वाहत्या पाण्याकडे. तिने गोणी सोडली आणि ओढणीने तोंड झाकून घेतलं. ती नाही म्हणाली नाही.

"या, अहो, लवकर या," काल्तुमाने हाक दिली.

बुकार धावत आला आणि चपला काढून हौदात उतरला. त्याने ताडपत्री खांद्यावर घेऊन काठाला पाठ लावली. मग दोघी सासूसुनांनी मिळून गोण्या एकेक करून काठावर चढवल्या. वारा पडला तेव्हा हौदात निम्मं पाणी उरलं होतं, तेही चहासारखं तपकिरी. हिरवं कुठे दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बायका परतल्या. सगळ्या हौदाभोवती जमून तपकिरी पाण्यात वाकून बघू लागल्या. थोरली जाऊ केलू काल्तुमाकडे वळली. "कोणी पुरुष तर उतरला नव्हता ना गं?"

काल्तुमाने खजुरीची फांदी उचलून पाणी ढवळायला घेतलं.

"मी इथेच होते," यागना म्हणाली. केलूने मान डोलावली.

त्यानंतर काल्तुमाचा रोजचा एकच क्रम झाला. उठलं की ती हौदाकडे जायची, हळू हाताने पाणी ढवळायची आणि ओंजळ उचलून उन्हात धरायची. परत आली की बुकार हलकेच विचारायचा, "काही दिसतं का?"

"माती दिसते."

तो मान खाली घालायचा. आपण हाक मारायला नको होती का, असं त्याला विचारावं, हे तिच्या मनात यायचं. पण नाही म्हणाला असता तरी भीती, हो म्हणाला असता तरी भीती. ती चुलीकडे वळायची.

एका सकाळी वाऱ्याच्या झुळकीने पाण्यावर सुरकुत्या उठल्या आणि पलीकडच्या काठाशी बोटभर जाड, हिरवीगार साय जमलेली दिसली. काल्तुमाने बायकांना हाका मारल्या. बायका धावत आल्या. केलूने साय बोटावर घेऊन चाटली आणि डोळे मिटले.

"पुरुषाचा पाय लागला नाही, म्हणून वाचलं हो," ती म्हणाली.

"नाहीतर काय," सगळ्या म्हणाल्या.

यागनाने कुंपणाकडे पाहिलं. बुकार तिथे उकिडवा बसून हौदाकडे बघत होता. त्याची सावली त्याच्या पायांपाशीच होती.

"मागे सरक रे," म्हातारी खेकसली. "सावली पडते पाण्यावर."

बुकार निमूट उठला आणि मागे सरकला.