ऑस्लोची बॅग

लेकीच्या बाळंतपणाला ऑस्लोला निघालेल्या पद्माक्कांची बॅग काही केल्या वीस किलोंत बसेना. शेट्टींच्या दुकानातून मागून आणलेला काटा दोन दिवस तेवीसच्या खाली यायला तयार नव्हता.

"स्वल्प काहीतरी काढ की," नरहररावांनी शंभरदा विनवलं. पण बाई कसली ऐकते! डिंकाचे लाडू, अळीव, शेकाला ओवा, बाळंतकाढा, दुपटी, कुंची, जुन्या लुगड्यांची गोधडी... कशालाही हात लावला की अंगावरच यायची. "तिथं बर्फात कोण करणार आहे तिचं?"

बुधवारी दुपारी जावयाचा फोन आला. नरहररावांनीच तो घेतला. फोन ठेवल्यावर बायकोला सांगताना, "बाळ राहिलं नाही गं," एवढंच त्यांच्या तोंडून फुटलं.

पद्माक्का बॅगेपुढे बसल्या आणि दुपटी, कुंची, गोधडी एकेक करून कपाटात परत ठेवून आल्या. मग स्वतःच बॅग काट्यावर चढवली. बरोबर वीस.

लाडवांचा डबा आतच होता. ओवा, काढा, सगळं आतच.

"अगं, हे आता कशाला?" नरहररावांनी चाचरत विचारलं.

"बाळ नसलं तरी ती बाळंतीण आहे."

कुलूप लावता लावता त्या थबकल्या. बॅगेच्या तळाशी हात घालून त्यांनी अळिवाची पुडी बाहेर काढली आणि नवऱ्याच्या हातात दिली.

"हे तेवढं राहू द्या इथंच. यानं दूध येतं."