दुरुस्ती

निमोण्याच्या गिताबाईंच्या नवऱ्याला रात्री उसाला पाणी देताना बिबट्यानं धरलं. उजवा हात कायमचा गेला. ‘शेतीला दिवसा वीज मिळावी, हा प्रश्न अधिवेशनात मांडतो,’ असा शब्द आमदारांनी त्यांना दवाखान्यात येऊन दिला होता.

मंगळवारी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आमदारांच्या कार्यालयाचा मेसेज आला : ‘आज दुपारी साडेबारा वाजता साहेबांनी नागपूरला सभागृहात दिवसा विजेचा प्रश्न ठामपणे मांडला.’ त्याखालीच त्याच दिवशी जवळच्या वरवंडला झालेल्या लग्नात अक्षता टाकणाऱ्या साहेबांचा फोटो होता.

त्या लग्नात गिताबाई वाढायच्या कामाला होत्या. त्यांनी कार्यालयातल्या विनोदला फोन लावला. हे मेसेज तोच लिहायचा.

“साडेबाराला साहेब माझ्याम्होरं मांडवात व्हते. मग नागपुरात कोण बोललं?”

विनोद म्हणाला, “चूक झाली, मावशी. लगेच दुरुस्त करतो.”

आपलं कुणीतरी ऐकलं, या समाधानात गिताबाईंनी नवऱ्याला जवळ बोलावलं आणि ग्रुप पुन्हा उघडला.

 

सभागृहातलं भाषण तसंच होतं. लग्नाचा फोटो काढून टाकला होता.